झोपून पाहिलेलं घर

भट्टीवाला संध्याकाळी उशिरा कामावर जायचा आणि जग कामाला लागलं की झोपायला घरी यायचा. पावाच्या कारखान्यात मोठी भट्टी त्याच्या हाताखाली होती. शहराला सकाळी ताजा पाव लागतो म्हटल्यावर कुणाला तरी रात्र जागावीच लागते. लग्न ठरलं तेव्हा त्याच्या बायकोला हे ठाऊक होतं. पण एकाच खोलीत हे निभावायचं म्हणजे काय, ते तिला मुलगी झाल्यावर कळलं.

खोली भाड्याची होती. एका भिंतीला ओटा, दुसरीला पलंग, मध्ये जेमतेम चालायला जागा. बाप येऊन पलंगावर आडवा झाला की घराचा आवाज बंद. भांडी फडक्यावर ठेवायची, नळ बारीक सोडायचा, खुर्ची ओढायची नाही, उचलायची. मुलगी रांगायला लागली तेव्हापासून तिच्या कानावर सगळ्यात जास्त एकच वाक्य पडलं होतं, "हळू, बाबा झोपलेत." मायलेकींची हातांची एक भाषाच तयार झाली होती. पोटावर हात म्हणजे भूक. अंगठा ओठाला म्हणजे पाणी. दोन बोटं हवेत चालवली म्हणजे खाली खेळायला जाऊ का. बाकीची मुलं बोलायला शिकली, ही न बोलायला शिकली.

ती दुसरीत गेली आणि शाळेतल्या बाईंनी तिच्या आईला बोलावून घेतलं. आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा नीट बसेपर्यंत काड्या वाकवत राहायची, म्हणून ओळखीचे सगळे तिला चष्मेवालीच म्हणायचे. जेवणाची सुट्टी मोडून ती शाळेत गेली.

"हुशार आहे हो तुमची मुलगी," बाई म्हणाल्या. "पण तिचं उत्तर मला ऐकूच येत नाही. नुसते ओठ हलताना दिसतात. मोठ्याने वाच म्हटलं की आधी इकडेतिकडे बघते. जणू वर्गात कुणीतरी झोपलंय."

बाई हसत होत्या. चष्मेवालीला हसू आलं नाही.

त्या आठवड्यातच तिने नवऱ्यापुढे विषय काढला. दोन खोल्यांचं घर घ्यायचं, मध्ये दार असलेलं. बँक कर्ज देईल, दोघांचे पगार आहेत, काटकसरीची सवय तर अंगातच मुरलेली. भट्टीवाल्याने मान हलवली. एरवी तो असल्या गोष्टी पुढे ढकलायचा, पण बाईंचं बोलणं त्यालाही लागलं होतं.

कारखान्याजवळच्या जुन्या वस्तीत त्यांनी घरं बघायला सुरुवात केली. तिथल्या गल्ल्या अरुंद होत्या. समोरासमोरच्या बाल्कन्यांतून मिठाची पुडी हातोहात देता यावी इतक्या. तळमजल्यावर दुकानं आणि कारखाने, वर माणसं, गच्चीवर वाळणारे कपडे. दलाल त्यांना दर रविवारी दोन-तीन घरं दाखवायचा. सगळी घरं छान शांत असायची.

"रविवारी शांत असायला काय जातंय?" एकदा परत येताना चष्मेवाली म्हणाली. "तुम्हाला झोपायचंय बुधवारी दुपारी. बुधवारी दुपारी ते घर कसं असतं, ते कोण सांगणार?"

"मग काय, बुधवारी दुपारी जाऊन झोपू तिथे?" भट्टीवाला थट्टेने म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

तो थांबून तिच्याकडे बघत राहिला. ती चालत पुढे गेली होती.

ज्या घरावर तिचा जीव जडला होता ते दुसऱ्या मजल्यावर होतं. मालकीण म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेली एक नर्स. एकटी राहायची. सगळी इमारत तिला सिस्टर म्हणायची. गुडघे दुखायचे, जिने होत नव्हते, आणि बहिणीच्या शेजारी तळमजल्यावरची एक जागा तिने बघून ठेवली होती. घर लहानच, पण खोल्या दोन, आणि दोन्हींत उजेड. खाली मात्र सुताराचं दुकान होतं. रविवार असल्यामुळे शटर ओढलेलं होतं, तरी पाटी चष्मेवालीच्या नजरेतून सुटली नव्हती.

तिने सिस्टरला सरळच विचारलं. "राग मानू नका. पण माझे मिस्टर दिवसा झोपतात. एक दिवस त्यांना इथे झोपू द्याल का?"

दलालाने कपाळाला हात लावला. सिस्टर मात्र भट्टीवाल्याकडे निरखून बघत राहिल्या, रोग्याकडे बघावं तशा.

"नाइट का?" त्यांनी विचारलं.

"बारा महिने," तो म्हणाला.

"मीही केली. उभा जन्म." त्या म्हणाल्या. "या. पण बुधवारी नको, गुरुवारी या."

दिराच्या घरी ही गोष्ट कळल्यावर जाऊबाईंना हसू आवरेना. "लोक म्हणतात, घर पाहावं बांधून. तुमचं भलतंच काहीतरी, घर पाहावं झोपून! अहो, अंथरूण पाहून पाय पसरावेत, तुम्ही तर पाय पसरून अंथरूण पाहायला निघालात." चष्मेवालीने ते निमूटपणे ऐकून घेतलं. उशी मात्र आदल्या दिवशीच पिशवीत भरून ठेवली.

गुरुवारी भट्टीवाला कामावरून परस्पर तिकडे गेला. भुवयांवर मैदा, बगलेत उशी. परक्या बाईच्या घरी झोपायला जायचं म्हणून तो इतका अवघडला होता की दारात चप्पल काढून त्याने ती हातातच धरून ठेवली. सिस्टरनी ती काढून घेतली, आतली खोली दाखवली, पडदा ओढला आणि दार लावून घेतलं. स्वच्छ चादर. कोपऱ्यात बांधाबांधीची खोकी. पाच मिनिटं पडून बघू, असं म्हणून तो टेकला.

उठला तेव्हा पडद्यामागचा उजेड बदलला होता. आपण कुठे आहोत हे त्याला काही वेळ उमगेना. झोपेत कूस बदलल्याचीही आठवण नव्हती. बाहेर आला तर सिस्टर खुर्चीत बसून होत्या, पुढ्यात चहाचे दोन कप.

"लागली झोप?"

"मेल्यासारखा झोपलो हो," तो म्हणाला. मग लाजला. "म्हणजे, फार छान."

त्या रात्री भट्टीवर त्याने सगळ्यांना पुन्हापुन्हा हेच सांगितलं. तो अंगाने हलका झाला होता. पिठाच्या गोण्या उचलतानाही शीळ घालत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सिस्टरला होकार कळवला.

पुढच्या आठवड्यात मुलीला शाळेची सुट्टी होती. पडद्यांची मापं घ्यावीत म्हणून चष्मेवाली दुपारची रजा काढून तिला घेऊन गेली. सिस्टरला आधी कळवलं नव्हतं. मापं घ्यायला काय कळवायचं?

गल्लीच्या तोंडाशीच आवाज सुरू झाला. खाली सुतार विजेच्या करवतीवर फळ्या कापत होता आणि तो आवाज भिंतींमध्ये सापडून दुप्पट होत होता. वरच्या मजल्यावरून शिवणयंत्राची धडधड येत होती. समोरच्या बाल्कनीत एक म्हातारे मास्तर रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना कमी ऐकू येत असावं, कारण बातम्या गल्लीभर ऐकू जात होत्या.

चष्मेवाली जागच्या जागी उभी राहिली. मुलगी मात्र तिचा हात सोडून सुताराच्या दुकानाच्या उंबऱ्याशी गेली. करवतीतून भुसा कारंज्यासारखा उडत होता. तिने काहीतरी विचारलं. सुताराने कानाला हात लावून मान हलवली, काही ऐकू येत नाही. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग तिने दोन्ही मुठी आवळल्या, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "हे काय बनवताय?"

"कपाट!" सुतार तितक्याच जोरात ओरडला.

"कुणाचं?"

"ज्याला हवं त्याचं!"

मुलगी खळखळून हसली. चष्मेवालीने ते पाहिलं, पण तिच्या मनापर्यंत पोचलं नाही. डोक्यात रागाची ठिणगी पडली होती. मुलीला हाताला धरून ती जिना चढायला लागली.

पहिल्या मजल्याच्या वळणावर शिवणकाम करणाऱ्या ताई भेटल्या. हातात धाग्यांचा पुडा, गळ्यात टेप. त्यांनी ओळखीचं हसून विचारलं, "तुमचेच ना मिस्टर, पाववाले? झोप लागली होती ना त्यांना नीट? मी तर त्या दिवशी मशीनला हात नाही लावला बाई. दिवसभर बसून हाताने बटणं लावली."

"का बरं?" चष्मेवालीने विचारलं, पण उत्तर तिला तोवर कळलंच होतं.

"सिस्टरनी सांगितलं होतं ना," ताई म्हणाल्या, आणि मग समोरच्या चेहऱ्याकडे बघून त्यांची जीभ जागीच थबकली.

सिस्टरनी दार उघडलं. चष्मेवाली काही बोलायच्या आधी त्यांनी खालून येणारा आवाज ऐकला, तिचा चेहरा पाहिला, आणि बाजूला सरून म्हणाल्या, "ये. बस."

"बसायला नाही आले. तुम्ही सगळ्यांना गप्प बसायला सांगितलंत."

"सांगितलं."

"हा फसवण्याचा प्रकार झाला, सिस्टर. आम्ही तुमच्या भरवशावर आमचं सगळं घालायला निघालो होतो."

सिस्टर खुर्चीत बसल्या. गुडघे दुमडताना त्यांनी तोंड वाकडं केलं. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला इथून निघायचंय. बाजारातून आले की जिन्याच्या त्या वळणावर रडू येतं मला, एवढी म्हातारी बाई मी. तुझा नवरा झोपला नाही तर तुम्ही घर घेणार नाही, हे मला दिसत होतं. म्हणून सुताराला सांगितलं, आज नुसतं पॉलिश कर. मास्तरांना सांगितलं, रेडिओ कानाला लावा. कुणी एका शब्दाने नाही म्हटलं नाही."

"तुम्ही स्वतः नाइट केलीत ना? तुम्हाला कळायला हवं होतं."

सिस्टरना हे लागलं. "हो. कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "होकार मोडलास तर मी काही बोलणार नाही."

चष्मेवालीने मापं घेतली नाहीत. परतताना मुलगी रस्ताभर बोलत होती. करवत, भुसा, कपाट, सुताराच्या भुवया पिवळ्या कशा झाल्या. मोठ्याने बोलत होती, शेजारून जाणारी माणसं वळून बघत होती. घराच्या जिन्याशी आल्यावर तिचा आवाज आपोआप बसला. दाराशी पोचेपर्यंत तिने दोन बोटं ओठांवर ठेवली होती. तेव्हा कुठे चष्मेवालीला कळलं, की मघापासून आपण काय ऐकत होतो.

भट्टीवाला उठल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. तो पलंगाच्या काठावर बसून ऐकत होता.

"म्हणजे मी झोपलो नव्हतो," तो शेवटी म्हणाला. "मला झोपवलं होतं."

"मी उद्याच नाही म्हणून कळवते. पण अजून एक सांगायचंय. आपली मुलगी ओरडली तिथे."

"कुणावर?"

"कुणावर नाही हो. नुसती ओरडली. आणि हसली, मोठ्याने."

भट्टीवाल्याने मुलीकडे पाहिलं. ती ओट्याखाली बसून चित्र काढत होती. ती मोठ्याने हसलेली कधी ऐकली, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला. आठवेना. "इकडे ये," तो म्हणाला. "मला ओरडून दाखव बघू. सुताराशी बोललीस तशी."

मुलीने आईकडे पाहिलं, मग पलंगाकडे. तोंड उघडलं, श्वास घेतला. "कपाट," ती कुजबुजली.

त्या संध्याकाळी भट्टीवाला कामावर जाताना डबा विसरला.

दुसऱ्या दिवशी झोप अर्धवट टाकून तो एकटाच त्या गल्लीत गेला. सुतार जेवून नुकताच कामाला बसला होता. करवत थांबवून त्याने भट्टीवाल्याला ओळखलं आणि ओशाळून उभा राहिला.

"भाऊ, आता तुमच्याशी खोटं नाही बोलणार," तो आपणहूनच म्हणाला. "सिस्टरसाठी एक दिवस गप्प बसलो. रोज नाही जमणार. माझं पोट या करवतीवर आहे."

"ते बरोबरच आहे," भट्टीवाला म्हणाला आणि एका ओंडक्यावर बसला. "सिस्टर नाइटला जायच्या तेव्हा कसं चालायचं?"

"तेव्हा माझे वडील होते दुकानात. आधी नुसती भांडणं. सिस्टरनी एकदा वरून बादलीभर पाणी ओतलं होतं, सागाच्या फळ्यांवर! वडील महिनाभर धुमसत होते." सुतार हसला. "मग दोघंही भांडून दमली. कापाकापी सकाळी उरकायची, दुपारी जोडणी आणि घासकाम, असं आपोआप पडत गेलं. सिस्टर रिटायर झाल्या आणि ते मोडलं. आता मन मानेल तेव्हा कापतो."

"आताही सकाळी कापलं तर?"

"कापीन की. पण सकाळीच तर तुम्ही झोपणार ना?"

भट्टीवाला विचारात पडला. इतकी वर्षं तो घरी येऊन पोत्यासारखा पलंगावर कोसळत आला होता. का, तर भट्टीवरून आलेला माणूस झोपतो म्हणून. त्याच्या जोडीचे दोघं-तिघं घरी जाऊन भाजी आणायचे, मुलांना शाळेत सोडायचे आणि मग दुपारी झोपायचे. तो त्यांना वेडे समजायचा.

"दुपारी झोपून बघतो," तो म्हणाला.

"शब्द नाही देत हां मी. घाईचं काम आलं तर दुपारीही कापावं लागेल."

"नका देऊ."

वर जाऊन तो सिस्टरना भेटला. त्यांच्यात काय बोलणं झालं ते त्याने घरी फार सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, की त्यांनी आधी माफी मागितली आणि नंतर कानात घालायच्या बोळ्यांबद्दल खूप वेळ माहिती दिली.

चष्मेवालीचा राग इतक्या सहजी जाणारा नव्हता. "एकदा खोटं बोललेल्या माणसाचं घर," ती म्हणत राहिली. पण दुकानात चष्म्याच्या काड्या वाकवताना तिच्या कानात दुसराच आवाज घुमायचा. शेवटी तीच सिस्टरकडे गेली. पंखा ठेवून जाणार का, किल्ल्या कधी देणार, असलंच रुक्ष बोलली. निघताना मात्र खाली राहिलेली त्यांची बाजाराची पिशवी तिने वर आणून ठेवली.

सिस्टर गेल्या त्या दिवशी सुताराने त्यांना खुर्चीसकट खाली उतरवलं. शिवणकामवाल्या ताई डोळे पुसत मागून उशी घेऊन चालल्या होत्या. मास्तर बाल्कनीतून सगळ्यांना सूचना देत होते आणि कुणीच ऐकत नव्हतं.

नव्या घरातले पहिले महिने वाईटच गेले. दगडापेक्षा वीट मऊ म्हणायचं तरी ही वीट कानाशीच आदळायची. सुताराने करवत सकाळी चालवली खरी, पण आठवड्यातून दोनदा घाईचं काम निघायचंच. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत ताईंकडे गणवेशांचा ढीग पडला. एका दुपारी भट्टीवाला अनवाणी, डोळे लाल करून वर चढून गेला. ताईंनी मशीनवरून मान न उचलता सांगितलं, "एवढ्या बाह्या झाल्या की थांबते. बसा." तो भांडायला गेला होता. बसून राहिला. कापडाच्या ढिगाला टेकून तिथेच त्याला झोप लागली, धडधडीच्या ऐन मध्यात. ताईंनी ही गोष्ट पुढे सगळ्या गल्लीला सांगितली.

तरी सगळंच बिघडलं असं नाही. सकाळी तो मुलीला शाळेत सोडायला लागला. वाटेत ती त्याला मैत्रिणींची भांडणं सांगायची, आणि रहदारीत ऐकू यावं म्हणून मोठ्याने सांगायची. आपल्या मुलीला एवढी मतं आहेत, हे त्याला नवीनच होतं. सावकाश मायलेकींची हातांची भाषा विस्मरणात गेली. चष्मेवालीला कधीमधी तिची चुटपुट लागायची, पण ती कुणाजवळ बोलली नाही.

एका दुपारी तो नुकताच डुलक्या घ्यायला लागला होता. समोरच्या बाल्कनीतून मास्तरांची हाक आली, "पोरी, आज तारीख काय गं?"

"अकरा!" बाहेरच्या खोलीतून मुलगी म्हणाली.

"काय?"

"अकरा!"

"सतरा?"

"सतरा नाही हो! अ-क-रा!" इमारत दणाणली.

भट्टीवाल्याने काही वेळ डोळे मिटून धरले. मग उठला, बनियनवरच बाल्कनीत आला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "बारा! आज बारा तारीख!"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही झोपा हो," ते म्हणाले, "आमचं आम्ही बघतो."

मुलगी कठड्याला धरून हसत सुटली. तो पुन्हा आत जाऊन पडला, पण झोप गेली ती गेलीच. रात्री कामावर त्याला डुलकी लागली आणि एक ट्रे करपला. मुकादमाने येऊन कारण विचारलं.

"मुलगी बोलत होती," तो म्हणाला.

मुकादमाला ते काही पटलं नाही.